तक्रारदार समाधानी आहे

राज्य सरकारची तूट किती आहे हे मला कळलं नसतं, तर आज माझ्या बायकोला स्वतःचे केस स्वतः विंचरता आले असते. कुणाला ही अतिशयोक्ती वाटेल. वाटू दे. मी उभी हयात रंगाच्या कारखान्यात दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवली. अतिशयोक्ती दिसली की तिच्याखाली लाल रेघ ओढायची, एवढंच मला येतं, आणि या वाक्याखाली मला ती ओढता येत नाही.

हिला झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली होती. पाय महिन्याभरात परत आला. जीभ त्याच्याही आधी आली, आणि येताना धार लावून आली. हात मात्र रुसला. मांडीवर ठेवला तर मांडीवर, टेबलावर ठेवला तर टेबलावर, ठेवाल तिथे पडून राहायचा. त्या हातासाठी आम्ही दिवसाआड सरकारी आरोग्य केंद्रात जात होतो. तिथे लांबलचक व्हरांड्याच्या टोकाला व्यायामाची खोली होती. भिंतीवर खांद्यासाठी एक मोठं चाक, छताला दोरी आणि कप्पी, टेबलावर भोकं पाडलेली फळी आणि त्या भोकांत बसवायच्या लाकडी खुंट्या. एवढ्या सामानावर तिथल्या व्यायामाच्या बाई लोकांचे गेलेले हातपाय परत आणायच्या. बाई कसल्या, तिशीतली मुलगीच ती, कंत्राटावर लागलेली. हिच्या बोटांशी ती असं बोलायची की जणू पाच वेगवेगळी माणसं समोर बसली आहेत आणि त्यातलं एखादं तरी ऐकेल.

आणि एक दिवस अंगठ्यानं ऐकलं. मग तर्जनीनं. दोघांनी मिळून एक खुंटी उचलली आणि लगेच पाडली. त्या मुलीला इतका आनंद झाला की तिनं शेजारच्या खोलीतल्या कंपाउंडरला बोलावून ती पडलेली खुंटी दाखवली. मला म्हणाली, "काका, आता खंड पडू द्यायचा नाही. हात शिकतो, पण पटकन विसरतो. हे सहा-आठ महिने वाया घालवले तर मग मला काही सांगता यायचं नाही." मी मान हलवली. या एका गोष्टीत मी लक्ष घातलं असतं आणि बाकी जगाला त्याच्या नशिबावर सोडलं असतं, तर पुढचं काहीच सांगावं लागलं नसतं.

पण ही आत खुंट्यांशी झगडत असताना मला बाहेर बाकावर बसावं लागायचं, आणि रिकामा बसलेला हिशेबनीस हा समाजाला धोका असतो. बाकासमोर अंगण होतं. अंगणात कारंजं बांधलं जात होतं. गोल हौद, निळ्या फरशा, मध्ये सिमेंटचे दोन डॉल्फिन, एकमेकांकडे पाठ फिरवून उभे, भांडण झाल्यासारखे. आरोग्य केंद्राच्या शौचालयात नळाला पाणी नव्हतं, तिथे बादली आणि टमरेल ठेवलेलं असे. हातपाय न चालणाऱ्या माणसांनी ती बादली कशी उचलायची, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. कारंज्याला मात्र स्वतंत्र पंप होता आणि पाच रंगांचे दिवे होते. शेजारी पाटी होती, 'परिसर सौंदर्यीकरण', आणि खाली रक्कम. मी ती रक्कम तीनदा वाचली. मला वाटलं शून्य जास्त पडलं असेल. पाटी रंगवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आधी एक कमी पडलं होतं, साहेबांनी वाढवून घेतलं."

घरी येऊन मी राज्याचा अर्थसंकल्प उघडला. तो सरकारच्या संकेतस्थळावर असतो, कुणीही बघू शकतो, आणि म्हणूनच कुणी बघत नाही. हिच्या औषधांच्या आठवणीसाठी घेतलेल्या फोनवर मी तो चार दिवस वाचला. डोळ्यांना पाणी यायचं. हिला वाटलं मी हिच्या आजारपणानं खचलोय. पहिल्या दिवशी तिनं माझ्या पाठीवरून डावा हात फिरवला. चौथ्या दिवशी तिला खरं कारण कळलं आणि तिनं हात फिरवणं बंद केलं.

तूट म्हणजे काय ते मी थोडक्यात सांगतो, कारण ते मला कुणी पूर्ण सांगू दिलेलं नाही. घरात जेवढं येतं त्याहून जास्त जातं, तेव्हा माणूस कर्ज काढतो. घर बांधायला काढलं तर समजू शकतं. पण आमचं राज्य जुन्या कर्जाचं व्याज द्यायला नवीन कर्ज काढत होतं, आणि उरलेल्यातून डॉल्फिन बांधत होतं. कारखान्यात एखाद्या व्यवस्थापकानं असा ताळेबंद माझ्यापुढे ठेवला असता, तर मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं. जाहिरातींवरचा खर्च दुप्पट झाला होता. आरोग्याचा निम्मा पैसा वर्षअखेरीस न वापरता परत जात होता. हे सगळं मी हिला सांगितलं. ती खिडकीशी बसून डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होती.

"मग तुम्ही काय करणार?" तिनं विचारलं.

"आमदारांना पत्र लिहिणार."

"त्यांना माहीत नाही होय?"

"माहीत असतं तर त्यांनी काही केलं नसतं का?"

"लिहा," ती म्हणाली. "पण त्या कारंज्याचं नाव काढू नका. आपल्याला दिवसाआड तिथे जायचंय."

पत्र मी एका बैठकीत लिहिलं. चूक एवढीच केली की पाठवण्याआधी ते वरच्या मजल्यावरच्या प्राचार्यांना दाखवलं. निवृत्त प्राचार्यांना कुठलाही कागद दाखवू नये. ते आधी समास सोडवतात आणि मग माणूस. त्यांनी माझ्या पहिल्याच वाक्यातलं 'उधळपट्टी' खोडून 'व्ययाधिक्य' केलं. मी म्हणालो, आमदारांना कळणार नाही. ते म्हणाले, "न कळलं की मान देतात." तीन दिवसांनी पत्र परत आलं तेव्हा ते चौपट झालं होतं आणि त्यात तूट नवव्या परिच्छेदात येत होती. तेवढ्यात माझा मेव्हणा आला. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. त्याला सगळं माहीत असतं आणि तो काहीच करत नाही, त्यामुळे त्याला वेळही भरपूर असतो. तो म्हणाला, "भाऊजी, कागद कोण वाचतं हल्ली? ईमेल टाका."

ईमेल टाकला. मिनिटभरात उत्तर आलं म्हणून मी खुर्चीतून उठलो. उत्तर असं होतं की आमदारांची पेटी भरलेली असल्यामुळे माझा ईमेल परत पाठवण्यात येत आहे. "फोन लावा," मेव्हणा म्हणाला. "त्यांची हेल्पलाईन आहे." हेल्पलाईनवर एका गोड आवाजाच्या बाईनं सांगितलं की पाण्यासाठी एक दाबा, रस्त्यासाठी दोन, दिव्यांसाठी तीन, आणि साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्यासाठी चार. तुटीसाठी काहीच दाबायला नव्हतं. मी थोडा वेळ वाट पाहिली, मग निदान माणूस तरी बोलेल म्हणून चार दाबलं. माणूस बोलला नाही. "आपल्या शुभेच्छा साहेबांपर्यंत पोचल्या आहेत," असं सांगून फोन बंद झाला. महिनाभराच्या धडपडीत माझी एवढीच एक गोष्ट वरपर्यंत पोचली होती, आणि ती मला पोचवायची नव्हती.

शेवटी मी प्रत्यक्ष गेलो. आमदारांचं संपर्क कार्यालय एका टायरच्या दुकानावर होतं. जिन्यात रबराचा वास, वर प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर साहेबांचे हात जोडलेले, हात उंचावलेले आणि हातात कात्री धरलेले फोटो. टेबलामागे त्यांचा पीए बसला होता. तरतरीत माणूस. त्यानं माझं पत्र घेतलं, वजन केल्यासारखं हातात धरलं आणि बाजूला ठेवलं.

"बोला काका. पाणी, रस्ता, दिवे, गटार?"

"राज्याची तूट," मी म्हणालो.

त्यानं टॅबलेटवर बोट फिरवलं. "म्हणजे 'इतर'. ठिकाण सांगा."

"ठिकाण म्हणजे? संपूर्ण राज्य."

"राज्य हे ठिकाण नसतं काका," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "ठिकाण म्हणजे जिथे आमचा मुलगा मोटारसायकलवरून जाऊन फोटो काढू शकतो. आमची पद्धतच आहे. तक्रार आली की आधीचा फोटो, निवारण झालं की नंतरचा फोटो. दोन फोटोंशिवाय तक्रार बंदच होत नाही, आणि बंद होणार नसेल तर सिस्टीम ती उघडूच देत नाही."

मी त्याला महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांतला फरक सांगू लागलो. मागच्या खुर्च्यांवर बसलेले लोक चुळबुळ करायला लागले. एक बाई म्हणाली, "आजोबांचं झालं की मला सांगा, माझ्याकडे गटार आहे." आजोबा. कारखान्यात मला मालकसुद्धा आडनावानं, पुढे 'साहेब' लावून हाक मारायचे. पीए शांतपणे म्हणाला, "काका, हा वायफळ खर्च कुठे दिसतो, ते एक ठिकाण सांगा. उदाहरण म्हणून. बाकी सगळं मी खाली टाकतो."

उदाहरण म्हणून. हिनं सांगितलेलं मला त्या क्षणी आठवलं, अगदी शब्दन् शब्द आठवलं. पण माझ्या मागे गटारवाली बाई होती, पुढे माझं बाजूला पडलेलं पत्र होतं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारत होतं. "आरोग्य केंद्र," मी म्हणालो. "अंगणातलं कारंजं." त्यानं यादीतून 'आरोग्य केंद्र' निवडलं, 'खर्चाबाबत' निवडलं आणि माझा नंबर घेतला. कारंज्यासाठी रकाना नव्हता.

घरी येऊन मी हिला एवढंच सांगितलं की तक्रार नोंदवली गेली. प्राचार्यांना थोडं जास्त सांगितलं. मेव्हण्याला त्याहून जास्त. आठवड्याभरात इमारतीत असं पसरलं की मी सरकारला धारेवर धरलं आहे. लिफ्टमध्ये लोक मला आधी शिरू द्यायला लागले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

आणि मग तो संदेश आला. सकाळी मी हिच्या केसांची वेणी घालत होतो, म्हणजे ज्याला ही 'सुतळी वळणं' म्हणते ते करत होतो, तेव्हा फोन वाजला. 'प्रिय नागरिक, आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. छायाचित्र पाहण्यासाठी येथे दाबा. आपले समाधान ताऱ्यांमधून नोंदवा.' मी वेणी सोडली. चष्मा न लावताच पाचही तारे दाबले. छायाचित्र उघडत नव्हतं, नुसतं गोल फिरत होतं, पण मला छायाचित्राची गरज काय होती? मी वर जाऊन प्राचार्यांना संदेश दाखवला. त्यांनी 'निवारण' हा शब्द योग्य ठिकाणी वापरल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. खाली येऊन मेव्हण्याला फोन केला. ही अर्धी वेणी घेऊन आरशासमोर बसून होती. "आनंद झाला असेल तर रबर लावा," ती म्हणाली.

आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा अंगणात कारंजं चालू होतं. दिवसाउजेडी पाचही दिवे लागले होते. डॉल्फिनांच्या तोंडातून पाणी उडत होतं आणि कठड्याला उद्घाटनाची फीत गुंडाळलेली होती. मला काही कळेना. माझं निवारण झालं होतं आणि हे इथे उडत होतं. "कदाचित बंद करायला दुपारी येतील," मी म्हणालो. काठी टेकत ही व्हरांड्यात गेली, आणि मी तिच्या मागे.

व्यायामाच्या खोलीला कुलूप होतं.

कुलपाखाली कागद डकवला होता. 'खर्चकपातीमुळे ही सुविधा बंद करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' मी तिथेच उभा राहून फोन काढला. आता छायाचित्र उघडलं होतं. दोन फोटो शेजारी शेजारी. आधीचा फोटो कारंज्याचा. नंतरचा फोटो याच दाराचा, याच कुलपाचा. कुलपाच्या बाजूला फोटो काढणाऱ्याचा अंगठा थोडा आला होता.

हिनं फोन माझ्या हातातून घेतला, पाहिला आणि परत दिला. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती माझ्या बाकावर जाऊन बसली आणि कारंज्याकडे बघत राहिली.

मी तिला रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि तसाच टायरच्या दुकानावर गेलो. पीएनं उठून खुर्ची दिली. पाच तारे देणारे लोक त्याच्याकडे कमी असणार.

"काका, तुमची तक्रार कशाबद्दल? आरोग्य केंद्रातल्या खर्चाबद्दल," तो बोटांवर मोजत म्हणाला. "आता कारंज्याचं बिल निघून गेलंय. ते थांबवता येत नाही. मग त्या केंद्रात थांबवता येईल असं राहतं काय? डॉक्टर कायम, कंपाउंडर कायम, शिपाई कायम. कंत्राटी एकच होती."

"पण माझी तक्रार राज्याच्या तुटीबद्दल होती."

"हो ना. तेवढी तूट कमी झाली."

मी आयुष्यभर लोकांचे युक्तिवाद खोडून काढले आहेत. हा मला खोडता आला नाही, कारण बेरजेत तो बरोबर होता. मी म्हणालो, माझी तक्रार मला मागे घ्यायची आहे, खोली उघडा. त्यानं टॅबलेट माझ्याकडे वळवला. तक्रारीवर हिरवी पट्टी होती आणि आत लिहिलं होतं, 'तक्रारदार समाधानी आहे'. पाच तारे मिळालेली तक्रार पुन्हा उघडत नाही. शिवाय साहेबांनी सभागृहात सांगितलंही होतं की आमच्या मतदारसंघात जागरूक ज्येष्ठ नागरिकांच्या मागणीवरून काटकसर सुरू झाली आहे. टाळ्या पडल्या होत्या. आता ज्येष्ठ नागरिकच उलटला तर साहेबांचं काय राहिलं?

"एक मार्ग आहे," तो आवाज उतरवून म्हणाला. "तुम्ही मुळात तक्रारच नव्हती असं निवेदन दिलंत, तर ती कपात आपोआप रद्द होते. मी लिहून देतो. तुम्ही सही करा."

त्यानं पाच मिनिटांत लिहून छापून दिलं. लिहिण्यात हुशार होता. 'मी, व्यवसायाने लेखापरीक्षक, राज्याच्या अर्थसंकल्पाचा बारकाईने अभ्यास करून नमूद करतो की राज्याची आर्थिक स्थिती भक्कम असून कोणताही अनावश्यक खर्च माझ्या निदर्शनास आलेला नाही.'

"निदान 'माझ्या माहितीप्रमाणे' एवढं तरी घाला," मी म्हणालो.

"त्यानं जोर जातो काका."

कारखान्यात मालकाच्या जावयानं सहलीचा खर्च कंपनीच्या प्रवासात दाखवला होता, तेव्हा मी सही केली नव्हती. बढती गेली, दुसऱ्या खोलीत टेबल गेलं, तरी केली नव्हती. त्या एका न केलेल्या सहीवर मी घरात आणि घराबाहेर अनेक वर्षं ताठ मानेनं फिरलो. टायरच्या दुकानावर मी पेन उचलला. हिची खुंटी डोळ्यांसमोर आणली, ती पडतानाची, आणि सही केली. वळणदार, पूर्ण नावाची, खाली दोन टिंबांची. हात थरथरला असता तर तेवढंच समाधान वाटलं असतं, पण सवयीचा हात आहे तो, थरथरला नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून खुद्द आमदार बाहेर आले. पीएनं माझी ओळख करून दिली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि माझ्या चेहऱ्याकडे प्रेमानं पाहिलं. "तुम्ही माझ्या वाढदिवसाला फोन केला होतात ना? माझ्या लक्षात आहे," असं म्हणून ते जिना उतरून गेले. एवढीच माझी आणि माझ्या लोकप्रतिनिधींची भेट.

हिला मी निवेदनाचं काही सांगितलं नाही. 'खटपट करतोय' एवढंच म्हणालो. मध्यंतरी घरीच व्यायाम घ्यायला लागलो. खुंट्यांची फळी मी पुठ्ठ्याची केली, ती दुमडली. कप्पीसाठी पंख्याच्या हुकाला दोरी बांधली, तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक धावत वर आले, त्यांना भलतीच शंका आली होती. प्राचार्यांनी एक ग्रंथ दिला. मेव्हण्यानं फोनवर व्हिडिओ पाठवले, त्यात एक धट्टाकट्टा तरुण दोन्ही हातांनी लोखंडी वजनं उचलत होता. मी हिची बोटं धरायचो आणि ती म्हणायची, "दुखतंय. ती अशी ओढायची नाही." कशी ओढायची ते तिला सांगता येत नव्हतं, आणि मला येत नव्हतं. अंगठा आधी थंडावला. मग तर्जनी.

आदेश आला तोपर्यंत ऋतू बदलला होता. खोली उघडली. आम्ही धापा टाकत पोचलो. चाक जागेवर, दोरी जागेवर, फळी जागेवर, सगळं पुसून लख्ख. बाहेर पाटीवर लिहिलं होतं, 'पद मंजूर'. व्यायामाच्या बाई मात्र नव्हत्या. कंपाउंडर म्हणाला, त्या मुलीनं किती दिवस वाट बघायची? दुसऱ्या शहरात खासगी रुग्णालयात लागली ती. नवीन माणूस कधी येणार असं विचारलं तर तो म्हणाला, भरतीवर बंदी आहे, तुटीमुळे.

यानंतर आणखी काही व्हायचं राहिलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण एका दुपारी दाराच्या फटीतून पत्रक आत आलं. जाड, गुळगुळीत कागद, चार रंगांत छापलेलं. अशा कागदाचा भाव मला माहीत आहे, कारखान्याची रंगांची यादी आम्ही याच कागदावर छापायचो. वर साहेबांचा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'राज्याची तिजोरी भक्कम: ज्येष्ठ लेखापरीक्षकाचा निर्वाळा'. त्याखाली माझं निवेदन आणि माझी सही, मोठी करून छापलेली, दोन टिंबांसकट. प्रत्येक दाराखालून ते गेलं होतं. जिन्यात प्राचार्य भेटले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मी तिथे नसल्यासारखे वर निघून गेले. मेव्हण्याचा फोन आला. "भाऊजी, वशिला लागलाच आहे तर माझ्यासाठीही एक शब्द टाका," तो म्हणाला. त्याला माझा अभिमान वाटत होता.

मी घरात आलो तेव्हा ही पलंगाच्या कडेला बसली होती. पत्रक तिच्या मांडीवर होतं.

"ही सही तुमची?"

"हो."

"कुणी मानगूट धरली होती?"

"नाही." मी तिच्याशेजारी बसलो. "खोली उघडणार होते. तुझ्या हातासाठी केली."

"माझ्या हाताला विचारलंत?"

मी पत्रक उचलायला गेलो, तिनं ते दाबून धरलं.

"शहाणपण शिकवायला निघालात तेव्हा मला नाही विचारलं. मी नको म्हटलं होतं ते जाऊन सांगून आलात. नाक घासायला गेलात तेव्हाही नाही विचारलं. आणि सगळ्या गावाला खोटं लिहून दिलंत, वर म्हणता माझ्यासाठी. आता लोक काय म्हणतील? हिच्या हातासाठी म्हातारा विकला गेला. हात गेला तेव्हा एवढं लागलं नव्हतं मला."

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठू लागलो.

"बसा," ती म्हणाली, आणि मला मनगटाला धरून खाली बसवलं. "बोलणं संपलं नाही माझं."

मी बसलो. ती बोलत राहिली. माझ्या पत्राबद्दल, प्राचार्यांबद्दल, स्वतःच्या भावाबद्दलसुद्धा. लग्नापासूनचं सगळं काढलं. मी एक शब्द ऐकत नव्हतो. तिचा डावा हात पत्रकावर होता. माझ्या मनगटावर होता तो उजवा. अंगठा आणि तीन बोटं. करंगळी बाहेर राहिली होती. पकड काही फार नव्हती, लहान मुलानंही सोडवून घेतली असती. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. सांगितलं तर बोटं बिचकतील म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. यातलं कळणाऱ्या कुणालातरी हे आत्ताच्या आत्ता दाखवायला हवं होतं. पुढे काय करायचं, कसं टिकवायचं, ते विचारायला हवं होतं. आणि तसं कुणी मला माहीत नव्हतं.

हळूहळू तिचा राग ओसरला. आवाज खाली आला. तशी बोटं सैल पडली, एकेक करून सुटली, आणि हात घसरून पुन्हा मांडीवर पडला.

"आणखी काही राहिलं असेल तर बोल," मी म्हणालो.